पाव आणि चॉकलेट

परमुलखात गेलेल्या माणसाची फजिती लोकांना फार जुन्या काळापासून हसवत आली आहे. आपल्या तमाशातला सोंगाड्याच घ्या ना. तो खेड्यातून मुंबईला येतो. कोणाशी काय बोलावे हे त्याला कळत नाही. बसायचे तिथे उभा राहतो, उभे राहायचे तिथे बसतो. आणि मंडपातली मंडळी पोट धरून हसतात. त्या हसणाऱ्यांत पुष्कळजण गिरणीत कामाला लागलेले, कालपरवा स्वतःच गावाहून आलेले असत. तरीही ते हसत. कदाचित म्हणूनच जास्त हसत.

आज आपण अशाच एका हसवणाऱ्या गोष्टीचा धडा वाचू. ही गोष्ट तमाशाची नाही, चित्रपटाची आहे. चित्रपट इटली देशातला. त्याचे नाव ‘पाने ए चोकोलाता’, म्हणजे पाव आणि चॉकलेट. फ्रांको ब्रुसाती या दिग्दर्शकाने तो काढला आणि १९७४ साली तो लोकांपुढे आला. नायकाचे काम नीनो मानफ्रेदी या नटाने केले आहे. चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्या तिघांतही तो एक होता. त्याच वर्षी बर्लिन शहरातल्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला बक्षीस मिळाले. तिथे बक्षीस म्हणून चांदीचे अस्वल देतात, कारण त्या शहराच्या चिन्हावर अस्वल आहे.

आधीच सांगून ठेवतो. हा चित्रपट सोज्वळ नाही. त्यात रस्त्याच्या कडेला लघवी करणारा माणूस आहे. बायकांचे कपडे घालून नाचणारे पुरुष आहेत. कोंबड्यांसारखी माना हलवणारी आणि आरवणारी माणसे आहेत. मी शाळेत असतो तर वर्गातल्या मुलांना तो दाखवला नसता. पण तुम्ही मुले नाही. तुम्ही संसार केलेली, घाम गाळलेली माणसे आहात. कोणता विनोद नुसता आचरट आणि कोणत्या विनोदाच्या पोटात काही दुखते आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

गोष्ट घडते स्वित्झर्लंड देशात. नकाशात हा देश युरोप खंडाच्या मधोमध सापडेल. चारी बाजूंनी जमीन, समुद्र कोठेच नाही. देश लहान आहे. आपले पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे एकत्र केले तर जेवढा मुलूख होतो, त्याहूनही तो लहान. बर्फाचे डोंगर, निळी सरोवरे, घड्याळांचे कारखाने, बँका, दुधाची भरपूर पैदास आणि त्या दुधापासून केलेले चॉकलेट यांसाठी त्याची ख्याती आहे. त्याच्या दक्षिणेला इटली देश लागतो. दोघांच्या मध्ये आल्प्स पर्वत आडवा पडला आहे.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा युरोपातले बहुतेक देश मोडून पडले होते. स्वित्झर्लंड युद्धात उतरला नव्हता. त्याचे कारखाने शाबूत होते, मागणी वाढत होती, पण हात कमी पडत होते. इटलीत, विशेषतः तिच्या दक्षिण भागात, हात पुष्कळ होते आणि काम नव्हते. १९४८ साली दोन्ही सरकारांनी करार केला. मग इटलीचे मजूर गाड्या भरभरून डोंगरापलीकडे जाऊ लागले. हद्दीवर उतरले की त्यांचे कपडे काढून डॉक्टरी तपासणी होई. रोगी निघाला तर परत. धडधाकट निघाला तर आत. त्यांनी धरणे बांधली, रस्ते केले, घरे उभारली, हॉटेलांत भांडी घासली. १९७० साली त्या साठ-बासष्ट लाख वस्तीच्या देशात दहा लाखांहून अधिक परदेशी लोक होते, आणि त्यांत निम्म्याहून जास्त इटलीचे होते.

या मजुरांपैकी पुष्कळांना जो परवाना मिळे त्याला हंगामी परवाना म्हणत. त्याची कलमे ऐकण्यासारखी आहेत. नऊ महिने काम करायचे, मग देश सोडायचा, पुढच्या हंगामात पुन्हा यायचे. मालक बदलायचा नाही. राहण्याचे ठिकाण बदलायचे नाही. बायकोमुलांना आणायचे नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांवर येणारा ऊसतोड मजूर असाच हंगामी असतो, पण तो निदान बिऱ्हाड बैलगाडीत घालून बरोबर आणतो. येथे तीही सोय नव्हती. माणसाचे दोन हात तेवढे आत घ्यायचे आणि बाकीचा माणूस हद्दीबाहेर ठेवायचा, असा हा हिशेब होता. हा कायदा १९३४ पासून होता आणि तो २००२ साली रद्द झाला.

आता गोष्टीकडे वळू.

नायकाचे नाव नीनो गारोफालो. दक्षिण इटलीचा गरीब माणूस. बायकापोरे गावाकडे. हा स्वित्झर्लंडमध्ये एका बड्या हॉटेलात वाढप्याचे काम करतो आहे. नोकरी पक्की नाही, उमेदवारीवर आहे. जागा एक आणि उमेदवार दोन. एक हा, दुसरा तुर्कस्तानातून आलेला मजूर. दोघेही परके, दोघेही गरजू, आणि दोघेही एकमेकांकडे मांजरासारखे बघतात.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक छोटासा प्रसंग आहे. रविवार आहे. बागेत चांगली चांगली मंडळी स्वच्छ कपडे घालून बसली आहेत. काही वादक तंतुवाद्ये वाजवत आहेत. सगळीकडे शांतता. नीनोही सुट्टीचे कपडे घालून तेथे बसला आहे. त्याने खायला आणले आहे पाव आणि चॉकलेट. चॉकलेट त्या देशाचे, पाव गरिबाचा. तो घास घेतो. पाव कडक, चॉकलेटही कडक. कर्रकन आवाज होतो आणि बागेतली सगळी तोंडे त्याच्याकडे वळतात. बिचारा घास तोंडात तसाच धरून बसतो. चावावे तर आवाज होतो, थुंकावे तर त्याहून वाईट.

येथे प्रेक्षक हसतात. मीही हसलो. कोणी कोणाला रागे भरलेले नाही, कोणी अपशब्द बोललेले नाही. नुसते पाहिले. पण मोठ्या घरच्या पंगतीत जेवायला बसलेल्या आणि भुरका मारायचा की नाही या विचारात पडलेल्या कोणालाही नीनोचे तोंड त्या वेळी कसे झाले असेल ते सांगावे लागणार नाही.

पुढचा प्रकार मात्र इतका साधा राहत नाही. नीनोला लघवी लागते आणि तो आडोसा पाहून उभा राहतो. आपल्याकडे ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की लोकांनी भिंतींवर देवांच्या चित्रांच्या फरश्या बसवल्या, तरी थांबत नाही. पण त्या देशात हा गुन्हा. त्यात भर म्हणजे नेमका तो क्षण कोणाच्या तरी फोटोत येतो. फोटो पोलिसांकडे जातो. नीनोचे काम जाते, आणि कामाबरोबर परवानाही जातो.

थांबा, हे पुन्हा एकदा नीट वाचा. त्या देशातला कोणी गृहस्थ असे करताना सापडला असता तर त्याला दंड झाला असता. तो दंड भरून घरी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला असता. नीनोला दंड नाही, देशच बंद. चूक एकच, पण तिची किंमत दोघांना सारखी नाही. चित्रपट पाहणारे पुष्कळजण म्हणतात की हा दोन संस्कृतींमधल्या गैरसमजाचा विनोद आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. गैरसमज होतोच. पण गैरसमज झाल्यावर कोणाची भाकरी जावी, हे संस्कृती ठरवत नाही. ते परवान्यावर लिहिलेले असते.

आणि एक गंमत पाहा. स्वित्झर्लंडच्या चार भाषा आहेत. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. म्हणजे नीनोची मायबोली ही त्या देशाच्या स्वतःच्या भाषांपैकी एक. त्या देशाच्या नोटांवर इटालियन अक्षरे छापलेली असतात. नीनोच्या खिशातल्या नोटेला तेथे राहायला परवाना लागत नव्हता.

आपण परवान्याबद्दल बोलतो आहोत तर घरची गोष्ट सांगून पुढे जातो. रत्नागिरी, रायगड या बाजूंची कितीतरी माणसे कामासाठी आखाती देशांत जातात. गोव्याची माणसे पूर्वीपासून बोटींवर आणि परदेशात आहेत. आपल्या सरकारचा १९८३ सालचा एक कायदा आहे. जो दहावी पास झालेला नाही, त्याच्या पासपोर्टवर तशी नोंद असते, आणि आखातासह काही ठरावीक देशांत कामाला जाताना त्याला सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. ते कार्यालय मुंबईत आहे. पुष्कळांना हा जाच वाटतो. पण ही मंजुरी देताना करार पाहिला जातो, पगार आणि मालकाचे नाव पाहिले जाते. हे टाळण्यासाठी काही दलाल ‘तुम्ही फिरायला चाललात असे सांगा’ म्हणून शिकवतात. माणूस फिरायला म्हणून जातो आणि तिकडे कामाला लागतो. मग पगार बुडाला तर त्याच्याजवळ दाखवायला कागदच नसतो. आखातातले परवाने बहुधा एका मालकाच्या नावाला बांधलेले असत, आणि मालक सोडायचा तर त्याचीच परवानगी लागे. कतार देशाने २०२० साली ही अट काढली. सगळीकडे ती गेलेली नाही. तेव्हा ज्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा, तो आधी मोठ्याने वाचून घ्या. येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. दलाल घाई करू लागला तर अधिकच सावकाश वाचा.

असो. नीनोचे पुढे काय झाले?

तो देश सोडत नाही. शेजारी एलेना नावाची एक बाई राहते. ती ग्रीस देशातून आलेली आहे. त्या वेळी ग्रीसमध्ये लष्कराची सत्ता होती आणि पुष्कळ लोक तेथून परागंदा झाले होते. हे काम आना कारीना या नटीने केले आहे. एलेना त्याला आसरा देते. पण तिच्या घरात आणखी कोणीतरी आहे. तिचा लहान मुलगा. त्याला ठेवण्याची परवानगी नाही, म्हणून ती त्याला लपवून ठेवते.

हे चित्रपटापुरते रचलेले नाही बरे का. त्या काळात हजारो मजुरांची मुले अशी लपवून ठेवलेली होती. आईबाप पहाटे कामावर जात. मूल दिवसभर खोलीत. पडदे ओढलेले. खिडकीशी जायचे नाही, पळायचे नाही, नळ जोराने सोडायचा नाही, रडायचे तर उशीत तोंड खुपसून. दारावर टकटक झाली की कपाटात शिरायचे. त्यांना लोक कपाटातली मुले म्हणू लागले. शेजारी चांगला असला तर तो ऐकून न ऐकल्यासारखे करी. वाईट असला तर पोलीस येत. ही मुले शाळेत जाऊ शकत नव्हती, कारण शाळेत नाव घालायचे म्हणजे आपण आहोत हे कबूल करायचे. मी आयुष्यभर हजेरीपट घेतला. एखादे मूल चार दिवस आले नाही की मी घरी निरोप धाडत असे. पण ज्या मुलाचे नावच कोणत्या पटावर नाही त्याला गैरहजर तरी कोण म्हणणार? त्या मुलांपैकी पुष्कळजण आता आजी-आजोबा झाले आहेत. अलीकडे त्यांच्यातल्या काहींनी संघटना काढून स्वित्झर्लंडच्या सरकारने आमची माफी मागावी अशी मागणी केली आहे.

मधे एक श्रीमंत इटालियन कारखानदार येतो. तोही आपल्या देशातून पळालेला, पण उपासमारीमुळे नाही, कर चुकवण्यासाठी. त्याच्याकडे नीनो चाकरी धरतो आणि आपली सगळी शिल्लक विश्वासाने त्याच्या हाती देतो. आपल्या देशाचा, आपल्या भाषेचा माणूस, मग संशय कशाला? तो कारखानदार बुडतो आणि जीव देतो. नीनोची शिल्लक त्याच्याबरोबर जाते. परक्या मुलखात आपला माणूस भेटला की आपण हिशेब विचारायला लाजतो, हे चित्रपटाने एका फटक्यात दाखवले आहे.

मग नीनो मजुरांच्या बराकीत जातो. लाकडी खोल्या, एकावर एक खाटा, सगळे पुरुष. बायको गावाकडे, वर्षावर वर्षे गेलेली. करमणूक म्हणून काहीजण बायकांचे कपडे घालून गाणे म्हणतात. बाकीचे शिट्ट्या मारतात. प्रसंग ग्राम्य आहे आणि तो तसाच ठेवला आहे. आपल्या मुंबईतही गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी असत, त्यांची भजने आणि त्यांच्या लावण्या दोन्ही चालत. बराकीतली मजा मात्र हळूहळू ओसरत जाते. ज्या बायकांची सोंगे काढली त्या खऱ्या बायका किती दूर आहेत, हे कोणी बोलत नाही, पण सर्वांच्या ध्यानात येते.

अशा एका बराकीची खरी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मात्मार्क नावाच्या ठिकाणी धरणाचे काम चालू होते. मजुरांच्या झोपड्या आणि भोजनाची जागा एका हिमनदीच्या बरोबर खाली बांधली होती. हिमनदी म्हणजे डोंगरावर साठलेला, सावकाश सरकणारा बर्फाचा प्रचंड थर. ३० ऑगस्ट १९६५ रोजी तो कडाच सुटला आणि काही क्षणांत झोपड्यांवर येऊन पडला. ८८ माणसे गाडली गेली. त्यांत ५६ इटालियन होते. जागा धोक्याची आहे हे आधी ओळखता आले असते की नाही, यावर खटला चालला. १९७२ साली सगळे आरोपी सुटले. अपील हरल्यावर खर्चाचा निम्मा भाग मेलेल्यांच्या नातेवाइकांवर बसवण्यात आला. चित्रपट निघाला तो यानंतर दोन वर्षांनी. इटलीत जे लोक चित्रपटगृहात बसून हसत होते त्यांना ही बातमी ठाऊक होती.

आता त्या कोंबड्यांच्या प्रसंगाकडे येऊ. त्याचीच सगळीकडे चर्चा झाली.

नीनोला कळते की काही नेपल्सकडची माणसे विनापरवाना एका शेतावर काम करतात. तो तेथे जातो. काम आहे कोंबड्या मारण्याचे आणि सोलण्याचे. राहण्याची जागा म्हणजे कोंबड्यांचेच खुराडे. छत इतके खाली की ताठ उभे राहता येत नाही, वाकून चालावे लागते. वर्षानुवर्षे तेथे राहून त्या माणसांना आपण कसे दिसतो याचे भानच उरलेले नाही. उलट नव्या पाहुण्याची करमणूक म्हणून ती माणसे कोंबड्यांची नक्कल करून दाखवतात. माना पुढेमागे, हातांचे पंख, तोंडाने क्लक क्लक. म्हातारा करतो, बाई करते. प्रेक्षक आधी हसतो. नक्कल संपत नाही. ती चालतच राहते. आता हसावे की नको, असे होऊन जाते.

तेवढ्यात बाहेर आवाज येतो. खुराड्याच्या जाळीतून सगळे डोळे बाहेर लागतात. जमीनमालकाकडची तरुण मुले-मुली घोड्यांवरून आली आहेत. सोनेरी केस, गोरी अंगे. ती ओढ्यात उतरून उघड्यानेच आंघोळ करू लागतात. आत हे लोक जाळीला नाक लावून पाहत राहतात. कोणाच्या डोळ्यात वासना नाही. गरीब माणूस मिठाईच्या दुकानाच्या काचेतून पाहतो तसे ते पाहणे आहे. जाळीच्या एका बाजूला माणसे आहेत आणि दुसऱ्या बाजूला कोण आहे, हे प्रेक्षकाने ठरवायचे.

दिग्दर्शकावर माझा एक आक्षेप आहे आणि तो येथेच सांगतो. त्याने स्वित्झर्लंडचे लोक सगळे एका साच्यातले काढले आहेत. सगळे गोरे, सगळे नीटनेटके, सगळे थंड. कोणत्याही देशात असे नसते. ७ जून १९७० रोजी त्या देशात एका प्रस्तावावर लोकांचे मत घेतले गेले. परदेशी लोकांची संख्या दर शंभरी दहावर आणावी, असा तो प्रस्ताव होता. तो मंजूर झाला असता तर तीन लाखांहून अधिक माणसांना चंबूगबाळे उचलावे लागले असते. शंभरांतले ४६ जण प्रस्तावाच्या बाजूने होते आणि ५४ जण विरुद्ध. (मत देणारे सगळे पुरुषच. तेथे बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली मिळाला.) ४६ हा आकडा लहान नाही, नीनोने रस्त्यात ज्यांची नजर चुकवली ते यांतलेच. पण ५४ लोकही त्याच देशातले होते, आणि चित्रपटात ते मला फारसे दिसले नाहीत. पुढे १९७८ साली स्वित्झर्लंडच्याच रोल्फ लिसी या दिग्दर्शकाने असाच एक हसवणारा चित्रपट काढला. त्यात परदेशी माणूस नागरिक व्हायला लायक आहे का, हे पाहण्यासाठी पोलीस त्याच्या घरात डोकावतात, शेजाऱ्यांना विचारतात. त्यात हसे परक्याचे नाही, तपासणाऱ्या पोलिसांचे होते. त्या देशातल्या लाखो लोकांनी तो पाहिला आणि स्वतःलाच हसून घेतले. नाव ‘दी श्वाइत्सरमाखर’, म्हणजे स्विस बनवणारे.

खुराड्यातून पाहिलेल्या सोनेरी केसांचा नीनोवर परिणाम होतो. तो आपले काळे केस पिवळे करून घेतो. चांगले कपडे घालतो, मान ताठ ठेवतो. आणि काय आश्चर्य, लोक त्याला वाट देतात! तोच माणूस, तेच पाय, फक्त केसांचा रंग बदलला. तो एका दारूच्या दुकानात जाऊन बसतो. तेथे दूरदर्शनवर फुटबॉलचा सामना चालू आहे. इटली विरुद्ध इंग्लंड. दुकानातली मंडळी इटलीच्या खेळाडूंची टर उडवत आहेत. नीनो गप्प बसतो. नुसता गप्पच बसत नाही, त्यांच्यात मिसळून मान डोलावतो. आतून काहीतरी चढत जाते. ते त्याच्या तोंडावर दिसते, पण तो दाबतो.

मग इटली गोल करते. आणि नीनो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, ‘गोल!’

सगळी तोंडे पुन्हा त्याच्याकडे वळतात, अगदी बागेतल्यासारखी. फरक इतकाच की या वेळी तो थांबत नाही. ओरडतच राहतो. आरशात त्याला स्वतःचे पिवळे केस दिसतात, आणि तो आपले डोके त्या आरशावर आपटतो. लोक त्याला उचलून बाहेर टाकतात. त्यानंतर पोलीस, आणि मग हद्दपारी.

पोटासाठी माणूस कपडे बदलतो, बोली बदलतो, नावसुद्धा बदलतो. मुंबईला गेलेली आपली पोरे फोनवर गावची बोली बोलताना आवाज खाली आणतात, ते मी पाहिले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही असे म्हणणे सोपे आहे. ज्याला खोली भाड्याने मिळवायची असते त्याला ते तितके सोपे नसते. मला नीनोचे ओरडणे शूरपणाचे वाटत नाही. ठसका लागावा तसे ते त्याच्याकडून होऊन गेले. आणि त्याची किंमत त्याने पुन्हा भाकरीनेच मोजली.

शेवटी तो गाडीत बसतो. डब्यात इटलीला परतणारे मजूर आहेत. कोणीतरी वाद्य काढतो आणि सगळे गाऊ लागतात. आपल्या देशातले ऊन, आपला समुद्र, आपले आनंदी लोक, अशी ती गाणी. तुम्हाला वाटेल, आता तरी नीनोला बरे वाटेल. पण तो त्यांच्याकडे पाहत राहतो आणि त्याचे तोंड आणखीच उतरते. ऊन आणि समुद्र पूर्वीही होताच की. त्यांनी पोट भरले असते तर ही माणसे गाडीत बसलीच कशाला असती?

गाडी बोगद्यात शिरते. आल्प्स पर्वतात असे लांबच लांब बोगदे आहेत. त्यांतला गोथार्डचा बोगदा १५ किलोमीटर लांब आहे. १८७२ ते १८८२ अशी दहा वर्षे त्याचे काम चालू होते, आणि खणणारे बहुतेक इटलीचे मजूर होते. दीडशेहून अधिक माणसे त्या कामात मेली. १८७५ साली मजुरांनी काम बंद केले तेव्हा गोळीबार झाला आणि चौघे पडले. म्हणजे ज्या वाटेने नीनोचे भाऊबंद शंभर वर्षांनी जा-ये करत होते, ती वाटही त्यांच्याच आज्या-पणज्यांनी फोडलेली.

काही वेळ पडद्यावर बोगद्याचे काळे तोंड तेवढे दिसते. मग त्यातून एक माणूस चालत बाहेर येतो. हातात पेटी आहे. केस अजून पिवळेच. तो नीनो आहे. गाडी त्याला सोडून पुढे गेली आहे. तो थांबतो, इकडेतिकडे पाहतो. पुढे त्याला काम मिळाले की पोलिसांनी धरले, हे चित्रपटात दाखवलेले नाही.